डालमेनीला न थांबणारी गाडी

अजनी, नागपूर
१४ जुलै

चि. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

फोनवरच बोललो असतो, पण फोन तुझी आई मधूनच ओढून घेते आणि माझं सांगणं अर्धं राहतं. म्हणून हे पत्र. फोटो काढून पाठवतो, अक्षर लावून घे.

तुझी ती वर्ध्याची मैत्रीण सप्टेंबरात आईवडिलांना एडिनबर्गला बोलावते आहे आणि आमच्यासाठी केलेला नऊ दिवसांचा तक्ता तू तिला जसाच्या तसा देणार आहेस, असं आई म्हणाली. देण्याआधी जरा माझं ऐक.

तक्ता झकास होता, त्यात वाद नाही. रेल्वेत असताना घाटात रुळांच्या कामाला गाड्या थांबवून ब्लॉक घ्यायचो तेव्हा आम्हीसुद्धा एवढा बारीक कार्यक्रम आखत नव्हतो. ९.१० बस, ९.४० किल्ला, ११.१५ 'आई-बाबा विश्रांती', आणि विश्रांती पंधरा मिनिटांची! विश्रांती घड्याळ लावून होते का गं? शिवाय किल्ल्यातली तोफ रविवार सोडून रोज दुपारी एकला उडते, १८६१ पासून, बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून, हे तू उडाल्यावर सांगितलंस. आईच्या हातची पाण्याची बाटली तटाखाली गेली ती गेलीच. तक्त्यात तोफेपुढे लाल शाईनं लिही.

लॉक नेसची बस काढून टाक. सकाळी आठला बसलो, रात्री आठला उतरलो, आणि तळ्याकाठी मिळाला जेमतेम तासभर. तळं सुंदर आहे, पण बारा तास सीटला चिकटून बसण्याइतकं नाही. आपल्या फुटाळा तलावावर आपण कणीस खात याहून जास्त वेळ बसतो. त्याच बसमधून तू मला विचारलंस, "बाबा, गप्प का? आवडलं नाही का?" तेव्हा सांगितलं नाही, आता सांगतो. शहर सोडल्यावर बस मोठ्या पुलावर चढली आणि उजवीकडे तो फोर्थ खाडीवरचा लाल लोखंडी रेल्वेपूल दिसला. दोन मिनिटं. मग झाडं आली. पुढचे अकरा तास मी मनातल्या मनात त्याच पुलावर होतो.

तक्त्यात तो नव्हता. तुझी चूक नाही. तू पाचवीत असताना मी तुला मोठ्या कौतुकानं डायमंड क्रॉसिंग दाखवायला नेलं होतं, आणि रूळ रुळाला काटकोनात छेदतात ते बघून तू म्हणाली होतीस, "यात काय बघायचं?" त्या पोट्टीनं माझ्यासाठी पूल काहून निवडावा?

म्हणून तुझी विद्यापीठातल्या गाइडबाईंशी मीटिंग होती त्या गुरुवारी "तुम्ही खोलीवरच थांबा, बाहेर पडू नका" असं तू बजावून गेलीस आणि आम्ही बाहेर पडलो. परत आल्यावर सगळं व्यवस्थित झालं असं सांगितलं होतं. तसं झालं नव्हतं.

वेव्हर्ली स्टेशनवर मी डालमेनीची, म्हणजे पुलाच्या अलीकडच्या स्टेशनाची, दोन तिकिटं काढली. फलकावर उत्तरेकडं जाणारी पहिली गाडी बघितली आणि चढलो. चौतीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस! आमला-इटारसी घाटात कुठली गाडी कुठे थांबते हे झोपेत सांगेन. पण ही जलद होती. डालमेनी खिडकीतून सरकून गेलं, फलकसुद्धा नीट वाचता आला नाही. आई म्हणाली, "अहो, हेच ना ते?" आणि तेवढ्यात गाडी पुलावर आली.

खाली समुद्राची खाडी, खिडकीबाहेर एकामागून एक लाल तुळया, आणि चाकांचा आवाज एकदम बदलला. पुलावर गाडी गेली की आवाज पोकळ होतो, हा कान मला आहे. आई माझं मनगट धरून बसली होती, मी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. इन्व्हरकीदिंगला उतरलो. तिथल्या रेल्वेच्या माणसाला तिकीट दाखवून माझ्या इंग्रजीत कबुली दिली. तो हसला आणि पलीकडचा प्लॅटफॉर्म दाखवला. दंड नाही. आपल्याकडं मी कित्येकांना सोडलं नसतं.

तर पूल दोनदा झाला. मग डालमेनीला उतरून पायऱ्यांनी खाली किनाऱ्यावर गेलो. पायऱ्या पुष्कळ आहेत, आईचा गुडघा तिथंच दुखावला, तुझ्या त्या आर्थर्स सीटच्या चढावर नाही. तू अजून स्वतःला दोष देतेस, म्हणून हे लिहितो.

पुलाखाली बाकावर बसून आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि जवसाची चटणी खाल्ली. वर बघत. १८९० साली सुरू झालेला पूल, जवळजवळ अडीच किलोमीटर, ६५ लाख रिव्हेट, आणि सगळं वजन पेलणाऱ्या नळ्या बारा फूट व्यासाच्या. आपली जुनी मारुती एका टोकानं घालून दुसऱ्या टोकानं काढता येईल. इतका दणकट का बांधला, तेही आईला सांगितलं. १८७९ च्या डिसेंबरात तिकडचाच टे नदीवरचा पूल वादळात गाडीसकट कोसळला होता. तो बांधणाऱ्या इंजिनिअरनंच या पुलाचंही डिझाइन केलं होतं, ते रद्द झालं, आणि मग बेकर आणि फाउलर या जोडीनं हा असा राक्षस उभा केला. आई म्हणाली, "हं." मग म्हणाली, "रंगवायला किती लागत असेल हो?" बघ, प्रश्न बरोबर होता. त्या पुलाचं रंगकाम कधी संपतच नाही अशी तिकडं म्हणच आहे. २०११ मध्ये एकदाचं संपवलं म्हणतात, वीस-पंचवीस वर्षं टिकेल असा रंग देऊन.

तर मैत्रिणीला एवढंच सांग की आईबापांना एक अख्खा दिवस मोकळं सोड. तू बरोबर असलीस की रस्ता तू बघतेस, बस तू ओळखतेस, पैसे तू देतेस. आम्ही मागे मागे, सामानासारखे. चुकायला जागाच नाही. चुकलो म्हणून मला आज त्या स्टेशनाचं नाव पाठ आहे. तुझ्या तक्त्यातली बाकी नावं फोटो बघून आठवावी लागतात.

आणि आमच्यापायी तू कॅफेतल्या तीन पाळ्या सोडल्यास, हे तुझ्या मॅनेजरच्या बोलण्यातून कळलं. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला वीसच तास काम करता येतं, त्यातले तीन दिवस असे घालवू नकोस. म्युझियम फुकट होतं, तिथं आम्ही दिवसभर राहिलो असतो. दोनशे वर्षांपूर्वीचं ते इंजिन, वायलम डिली, मला धड हात लावूनही बघता आलं नाही, लगेच '१२.२० डॉली मेंढी'.

आणखी दोन-तीन गोष्टी, आईनं सांगितलेल्या. खव्याचं काही बांधून नेऊ नये, दुधाचे पदार्थ तिकडं चालत नाहीत. आमची संत्रा बर्फी राहिली तशी त्यांची राहू नये. वर्ध्याच्या गोरसपाकाचं, त्या तुपातल्या बिस्किटांचं, त्यांनी नियम बघून ठरवावं. हिंग-मोहरीची फोडणी खिडकी उघडून आणि दार लावून करावी, नाहीतर अलार्म वाजून अख्खा मजला जिन्यात येतो. आणि जूनमध्ये सूर्य दहाला मावळतो. आई रोज दिवेलागणीची वाट बघत बसायची आणि मग पेंगायची. सप्टेंबरात तो त्रास नाही.

गुडघा आता बरा आहे. पाऊस लागला आहे, कूलर माळ्यावर टाकले.

हो, डालमेनीला थांबणारी गाडी आधी बघून ठेवायला सांग त्यांना. किंवा नको, सांगू नकोस.

बाबा