कथेखालचे तात्पर्य आणि कथेतला आशय

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे अभ्यासाला येणाऱ्या सातवीतल्या एका मुलाने मागच्या आठवड्यात कथा न वाचताच तिचे तात्पर्य लिहून दाखवले. 'कथेत म्हातारा आहे आणि म्हैस आहे, म्हणजे भूतदयाच असणार,' असे त्याचे स्पष्टीकरण होते. त्याची चलाखी मला आवडली, हे कबूल करते. पण पस्तीस वर्षे मराठी शिकवूनही मी आणि माझ्यासारख्या अनेकांनी मुलांना नेमके काय शिकवले, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

'कथेची मध्यवर्ती कल्पना सांगा' असे विचारले की बहुतेक मुले तीनपैकी एक उत्तर देतात. कोणी 'पूर' किंवा 'गरिबी' असा एका शब्दात विषय सांगतो, कोणी सगळी कथा थोडक्यात पुन्हा सांगतो आणि उरलेले 'प्राणिमात्रांवर दया करावी' असा उपदेश लिहून मोकळे होतात. शेवटचे उत्तर ऐकायला चांगले असल्यामुळे आपण त्याला गुण देतो आणि घोटाळा तिथेच होतो. पंचतंत्रात नीती शिकवण्यासाठीच कथा रचलेल्या आहेत, त्यामुळे तिथे बोध शोधणे रास्तच आहे. मात्र आजची लघुकथा उपदेशासाठी लिहिलेली असतेच असे नाही आणि तिच्यावर तात्पर्य चिकटवले की मूल कथेपासून दूर जाते.

वर उल्लेखिलेली कथा मीच वर्गासाठी रचलेली आहे. २०१९ च्या महापुरानंतर शिरोळ तालुक्यातील नातेवाइकांकडून ऐकलेल्या हकिगती माझ्या मनात होत्या आणि आमच्या वर्गातील मुलांना पूर म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. गोठ्यात पाणी शिरते, बोट दारात येते, पण म्हातारा म्हशीचे दावे कापल्याशिवाय बोटीत पाय ठेवत नाही. आठ दिवसांनी तो परततो, तेव्हा म्हैस चिखलाने भरलेल्या गोठ्यात उभी असते. तो दावे हातात घेतो, थोडा वेळ तसाच उभा राहतो आणि ते खुंटीला अडकवून ठेवतो. कथा एवढीच.

पहिल्या दिवशी अपेक्षेप्रमाणे 'पूर' आणि 'भूतदया' ही दोन उत्तरे आली. मी त्यांना चूक म्हटले नाही. फक्त एवढेच विचारले की, दयाच दाखवायची असती तर दावे कापले तिथेच कथा का संपली नाही? वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'बाई, दाव्याचा उल्लेख चार वेळा आलाय.' तिने बोट ठेवून चारही जागा दाखवल्या. मग म्हाताऱ्याचे सुरुवातीचे वागणे आणि शेवटचे वागणे यांत काय फरक पडला, हे मुलांनी फळ्यावर समोरासमोर लिहिले आणि बऱ्याच खोडाखोडीनंतर एक वाक्य उरले : 'म्हैस त्याची होती, पण ती बांधून ठेवली होती म्हणून नव्हे.' त्यावर एका मुलाने शंका काढली की, ती वैरणीसाठीच आली असेल. ही शंका मला सर्वांत मोलाची वाटते. सगळ्यांनी पुन्हा कथा उघडली, गोठ्यातली वैरण वाहून गेल्याचे वाक्य सापडले आणि शंका मागे घेतली गेली. ते वाक्य सापडले नसते, तर फळ्यावरचे वाक्य पुसावे लागले असते आणि मी ते पुसलेही असते.

मध्यवर्ती कल्पना शिकवणे म्हणजे एवढेच काम आहे : पात्राला काय हवे होते, शेवटी त्याच्यात काय बदलले, कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा आली हे पाहून पूर्ण वाक्यात दावा करायचा आणि तो कथेतल्या ओळींवर घासून बघायचा. एका कथेतून दोन वेगळी वाक्येही निघू शकतात. पण आधार नसलेले वाक्य कितीही सुंदर असले तरी बाद. याला दोन तासिका लागतात, गाईडमधले उत्तर उतरवून घ्यायला पाच मिनिटे पुरतात आणि अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत शिक्षक कोणता मार्ग धरतो, हे सांगायला नको. त्याला एकट्याला दोष देण्यातही अर्थ नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या हातात नमुना उत्तर एकच असेल, तर वेगळे लिहिणाऱ्या मुलाचे गुण जाणारच.

ज्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तिथल्या शाळांत शंभर वर्षांनंतर मूल अक्षरे वाचते पण कथा वाचत नाही, ही खंत मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. केंद्रस्तरावरील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एखादे सत्र केवळ यासाठी द्यावे. शिक्षकांनी तिथे एक अपरिचित कथा वाचून आपापले वाक्य लिहावे आणि एकमेकांकडे आधार मागावा. आम्हा शिक्षकांचीही वाक्ये जुळणार नाहीत, हे तिथे आपोआप कळेल.

एक विनंती आपल्यालाही आहे. आपल्या बालपुरवणीत प्रत्येक कथेखाली चौकटीत तात्पर्य छापले जाते. निदान महिनाभर ती चौकट रिकामी ठेवून मुलांना आपले वाक्य, कथेतल्या कोणत्या ओळीवरून ते सुचले यासह, पोस्टकार्डावर पाठवायला सांगावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
शिवाजी पेठ, कोल्हापूर