सूज आली की लगेच पेनकिलर?

संपादक साहेब,
सिडकोत आमच्याकडे गुडघा सुजला की लोक सरळ मेडिकलवर जाऊन डायक्लोफेनॅक ही पेनकिलर मागतात आणि मेडिकलवालाही पट्टीतल्या चार गोळ्या कापून देतो, चिठ्ठी कोण विचारतंय! अहो पण सूज कशाने आली ते तर बघा, रात्रीतून पायाचा अंगठा लालबुंद होऊन चादरसुद्धा सहन होत नसेल तर रक्तातलं युरिक ॲसिड वाढलेलं असू शकतं, सकाळी बोटं तासभर आखडत असतील तर आमवात, म्हणजे आपलीच इम्युनिटी सांध्यांवर उलटलेली, आणि पावसाळ्यात ताप येऊन सांधे धरले तर चिकनगुनिया किंवा डेंग्यू. डेंग्यूत तर या गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो, किडनीला होणारा त्रास वेगळाच. मेडिकलवाल्यांनी निदान 'ताप आहे का' एवढं तरी विचारावं.

- एक वाचक, सिडको, नाशिक