ज्यू धर्मचिंतन म्हणजे केवळ समेट नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

धर्म आणि आधुनिकता या विषयावर आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखात आधुनिक ज्यू धर्मचिंतनाची बोळवण जवळजवळ एकाच वाक्यात केली आहे. श्रद्धा आणि बुद्धी यांचा समेट घालण्याचा तो प्रयत्न होता, असे लेखकाचे म्हणणे आहे. हे विधान चुकीचे नाही, पण ते फार तर पहिल्या महायुद्धापर्यंतच्या वाटचालीला लागू पडते. आज हे चिंतन वाचण्यासारखे वाटते ते त्यानंतर प्रश्नच बदलला म्हणून, आणि लेखात नेमकी तीच बाजू वगळली गेली आहे.

जर्मन ज्यू तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोन यांनी १७८३ मध्येच मांडले होते की ईश्वराविषयीची शाश्वत सत्ये कोणत्याही माणसाला स्वतःच्या बुद्धीने कळू शकतात. ज्यू परंपरेनुसार जिथे ईश्वराने मोशेला धर्मनियम दिले त्या सिनाय पर्वतावर ज्यूंना मिळाली ती सत्ये नव्हेत, तर आचारनियम. पुढे जर्मनीतील मारबुर्ग येथील ज्यू तत्त्वज्ञ हर्मन कोहेन यांनी जर्मन तत्त्वज्ञ कांट यांच्या नीतिशास्त्राच्या आधारे ज्यू धर्माला बुद्धीचा धर्म ठरवले. समेट म्हणावा तो इथवर. हेही ध्यानात घ्यावे की मेंडेल्सझोन यांच्या मांडणीतसुद्धा ‘तुम्ही काय मानता’ यापेक्षा ‘तुम्ही काय करता’ याला अधिक वजन आहे. हा धागा पुढच्या पिढ्यांनी सोडला नाही.

कोहेन यांचे व्याख्यान ऐकलेल्या फ्रांत्स रोझेनत्स्वाइग यांची गोष्ट थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते. १८८६ मध्ये जर्मनीतील कासेल येथील सुशिक्षित, धर्माचरणात बऱ्यापैकी सैल झालेल्या ज्यू घरात ते जन्मले. १९१३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचे जवळजवळ ठरवले होते, पण त्याच वर्षी ते माघारी वळले. १९१८ मध्ये बाल्कन आघाडीवर सैनिक असताना त्यांनी आपला मुख्य ग्रंथ लिहायला घेतला आणि त्याचा मजकूर लष्करी पोस्टकार्डांवर लिहून ते घरी पाठवत राहिले. ग्रंथाचा आरंभ मृत्यूच्या भयापासून होतो. सगळे काही एका ‘समग्र’ तत्त्वात सामावून घेणारे तत्त्वज्ञान माणसाचे हे भय दूर करत नाही, ते फक्त नाकारते, असा त्यांचा आरोप आहे. असे समग्र तत्त्वज्ञान उभारणाऱ्या हेगेलवर ज्याने प्रबंध लिहिला होता त्यानेच हा आरोप करावा, याला अर्थ आहे. मृत्यूपासून निघालेल्या त्या ग्रंथाचे अखेरचे शब्द ‘जीवनाकडे’ असे आहेत.

ते जीवनाकडे खरोखर वळले. विद्यापीठातील अध्यापनाची संधी नाकारून १९२० मध्ये फ्रँकफर्टला त्यांनी प्रौढांसाठी एक मुक्त अध्ययनगृह उभारले. तिथे शिकवायला केवळ धर्मपंडित नव्हते. ज्यांची परंपरेशी नाळ तुटली होती असे डॉक्टर, वकील, रसायनतज्ज्ञसुद्धा होते. जुन्या पद्धतीत तोराकडून, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातील शिकवणीकडून, जीवनाकडे जायचे असे. आता जीवनाकडून तोराकडे यायचे, कारण आपण सारे बाहेरूनच आत येत आहोत, अशी त्यांची धारणा होती. १९२२ मध्ये त्यांना स्नायू निकामी करणारा असाध्य आजार जडल्याचे निदान झाले. हळूहळू वाचा गेली, हातही गेले. पत्नी एडिथ एकेक मुळाक्षर म्हणत आणि हवे ते अक्षर आले की ते खूण करत. अशा अवस्थेत मित्र आणि ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांच्यासह हिब्रू बायबलचे जर्मन भाषांतर १९२९ मधील त्यांच्या मृत्यूपर्यंत चालू राहिले. हा तपशील केवळ हळवेपणाने देत नाही. दुसऱ्याच्या उच्चाराविना आपला विचार पूर्ण होत नाही, हे ते लिहीत होते आणि जगतही होते.

याच दोन मित्रांमधला वाद मला या सगळ्या चिंतनाचा गाभा वाटतो. बुबर यांनी परंपरेतील शिकवण मोकळ्या मनाने स्वीकारली, पण धर्मनियमांना मात्र ओझे मानले. १९२३ मध्ये त्यांना उद्देशून लिहिलेल्या जाहीर पत्रात रोझेनत्स्वाइग म्हणतात की नियम हा नियम राहिला तर तो निर्जीवच असतो. तो पुन्हा ‘आज्ञा’ व्हायला हवा, म्हणजे या क्षणी, मला, कोणीतरी केलेली हाक व्हायला हवा. बुबर यांना हे पटले नाही. मला विचाराल तर यात रोझेनत्स्वाइग यांची बाजू अधिक खरी वाटते. मी स्वतः श्रद्धावान नाही, तरीही रोजचे कर्तव्य कधी कोरडे होते आणि कधी नाही, याचे इतके नेमके वर्णन मला अन्यत्र आढळलेले नाही.

बुबर यांच्या ‘मी-तू’ या संकल्पनेला लेखात ओझरता स्पर्श आहे, पण तिचा अर्थ ‘एकमेकांशी आपुलकीने वागा’ एवढाच घेतला आहे, जसा हल्ली व्यवस्थापनाच्या शिबिरांत घेतला जातो. समोरच्याचा उपयोग, वर्गवारी, आकडा हे सारे गळून पडते तेव्हाच ‘तू’ उरतो, आणि तो फार काळ टिकत नाही, पुन्हा ‘ते’ होतो, ही बुबर यांची खंत त्यात हरवते. लिथुआनियात जन्मलेले फ्रेंच ज्यू तत्त्वज्ञ इमॅन्युएल लेव्हिनास यांनी तर या संबंधातील समानताच नाकारली. समोरचा चेहरा माझ्याकडे मागणी करतो आणि त्याने परतफेड करावी अशी अपेक्षा मला ठेवता येत नाही, असे ते म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी म्हणून जर्मनीतील छावणीत लाकूडतोडीच्या कामावर असताना रस्त्याने जाणारे लोक त्यांच्याकडे माणूस म्हणून पाहत नसत. बॉबी नाव ठेवलेले एक भटके कुत्रे मात्र कैदी परतले की आनंदाने भुंके. नाझी जर्मनीतील तो शेवटचा कांटवादी, म्हणजे माणसाला माणूस म्हणून मान देणारा, होता, असे लेव्हिनास यांनी पुढे लिहिले. या विनोदाच्या तळाशी काय आहे हे सांगायला नको. लिथुआनियातील त्यांचे आईवडील आणि भाऊ मारले गेले होते.

आजच्या जगण्याशी संबंध म्हणाल, तर अमेरिकेतील ज्यू धर्मचिंतक अब्राहम जोशुआ हेशेल यांचे शब्बाथ या ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाविषयीचे १९५१ मधील विवेचन घ्यावे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत काम थांबते ते सोमवारी अधिक काम करता यावे म्हणून नव्हे. उलट आठवड्याचे बाकीचे दिवस शब्बाथसाठी असतात. सुट्टीत फोन बंद ठेवा, कार्यक्षमता वाढेल, असा सल्ला आज सर्रास मिळतो. हेशेल यांच्या दृष्टीने हा सल्ला म्हणजे कामाचेच आणखी एक रूप ठरेल. हेच हेशेल १९६५ मध्ये अमेरिकेतील सेल्मा येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या मोर्च्यात चालले आणि आपले पाय प्रार्थना करत होते असे त्यांनी म्हटले.

या विचारवंतांना देव्हाऱ्यात बसवू नये, हेही मला म्हणायचे आहे. १९८२ मध्ये लेबनॉनमधील साब्रा आणि शातिला येथे झालेल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या हत्याकांडानंतर रेडिओवरील चर्चेत लेव्हिनास यांना विचारले गेले की इस्रायलींसाठी पॅलेस्टिनी हाच ‘पर’, म्हणजे ज्याच्याविषयी आपली जबाबदारी असते तो समोरचा माणूस, नव्हे काय. त्यांनी दिलेले उत्तर त्यांच्या अनेक चाहत्यांनाही समाधानकारक वाटले नाही. उलट काटेकोर धर्माचरण करणारे इस्रायली विचारवंत येशायाहू लायबोविच १९६७ च्या युद्धात इस्रायलने घेतलेले प्रदेश ताब्यात ठेवण्याविरुद्ध सातत्याने बोलत राहिले. राष्ट्र आणि भूमी यांना पवित्र मानणे ही त्यांच्या लेखी मूर्तिपूजाच होती. १९९३ मध्ये त्यांना इस्रायल पुरस्कार जाहीर झाला तेव्हा इतका गदारोळ उठला की त्यांनी तो स्वतःहून नाकारला. समेटापाशीच थांबणाऱ्या लेखात लायबोविच येऊच शकत नाहीत. लेखमालेचा पुढचा भाग येणार असल्यास त्याची सुरुवात १९२३ च्या त्या जाहीर पत्रापासून करावी आणि बुबर यांचे उत्तरही सोबत द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक