सूचना वृद्धांसाठी वेगळी आहे, ती सांगा

महोदय,

डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शक सूचना समित्या कशा तयार करतात, यावरचा कालच्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. प्रश्न ठरवणे, अभ्यास गोळा करणे, पुरावा तोलणे, मग शिफारस लिहिणे, हा क्रम लेखकाने सोपा करून सांगितला, त्याबद्दल आभार. पण सूचना पाळली की रुग्ण सुरक्षित, हा लेखाचा सूर मला अजिबात पटला नाही.

माझी आई ब्याऐंशी वर्षांची. मधुमेह, रक्तदाब, त्यात मूत्रपिंड अधू. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) सात टक्क्यांच्या खाली आलीच पाहिजे म्हणून तिच्या गोळ्या वाढवत नेल्या. एका पहाटे साखर उतरून ती न्हाणीघराच्या दारात कोसळली. अंग घामाने थबथबलेले, हातांना कापरे, मला ओळखेना. खुब्याचे हाड मोडले ते वेगळेच. डॉक्टरांना जाब विचारला तर म्हणाले, "गाइडलाइन सातचीच आहे."

तशी ती नाही! अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या सूचनांत वृद्धांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि अनेक आजारांनी थकलेल्या माणसाला आठपर्यंतची मोकळीक आहे. साखर फार खाली ओढण्याचा धोका २००८ मध्येच मधुमेहींवरच्या ॲकॉर्ड या मोठ्या चाचणीत दिसला होता. सहाच्या खाली नेऊ पाहिलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, म्हणून ते उपचार मुदतीआधी थांबवावे लागले. समितीने वृद्धांसाठी अख्खे प्रकरण लिहिले आणि आमच्या वाट्याला त्यातला एकही शब्द न येता नुसता सातचा आकडा आला, याचा मला संताप आहे.

लेखात पुरावा तोलण्याच्या 'ग्रेड' पद्धतीचा उल्लेख आहे, पण शिफारस ठाम आहे की सशर्त हे तीत वेगळे नोंदवतात, ते लेखक विसरले. सशर्त म्हणजे रुग्णाशी बोलून ठरवायची. आईशी कोणी बोलले नाही. आणि पुराव्याचे म्हणाल तर अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या सूचना २००९ मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा एकाहून अधिक यादृच्छिक चाचण्यांचा (ज्यांत कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते) आधार जेमतेम ११ टक्के शिफारशींना होता. निम्म्याच्या आसपास शिफारशी प्रामुख्याने तज्ज्ञांच्या मतावर उभ्या होत्या. तज्ज्ञांचे मत टाकाऊ नसते, पण ते मत आहे हे रुग्णाला कळायला नको का?

शिवाय समित्या बसतात एकेका आजाराच्या, माणूस मात्र चार-पाच आजार घेऊन येतो. पाच आजार असलेली ७९ वर्षांची एक काल्पनिक स्त्री धरून संशोधकांनी २००५ मध्ये प्रत्येक आजाराची सूचना लावून पाहिली, तर तिला १२ औषधे घ्यावी लागली. माझ्या आईचा औषधांचा डबा बघितला की त्या अभ्यासात काल्पनिक काही वाटत नाही.

जाता जाता आणखी एक. चांगल्या समितीत बसणाऱ्याला आपले औषध कंपन्यांशी असलेले आर्थिक संबंध लेखी जाहीर करावे लागतात. आपल्या पुरवणीत औषधांवर लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या नावाखाली पदव्यांची रांग असते, पण अशी एक ओळही मी आजवर पाहिलेली नाही. ती पुढच्या अंकापासून छापावी, आणि वृद्धांसाठीच्या सूचनांवर जाणकार डॉक्टरांकडून स्वतंत्र लेख लिहून घ्यावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक