अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक माझ्याकडेच राहू दे

प्रिय बाय,

ज्युनियरला हवंय, अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक कुरियर कर म्हणून तुझा मेसेज आला, पण ते मी पाठवणार नाही गं. तिला लायब्ररीतून घ्यायला सांग. ते आता ईझलशेजारच्या स्टुलावर असतं, मानेचं नाहीतर हाताचं पान उघडून, आणि मला ते रोज लागतं. का लागतं ते फोनवर नीट सांगता येत नाही, तू क्लिनिकमधून दमून येतेस, म्हणून लिहायला बसले.

सध्या आजीचं पोर्ट्रेट घेतलंय. म्हातारं माणूस म्हटलं की सगळे सुरकुत्याच काढत बसतात, पण सुरकुत्या हे अगदी शेवटचं काम. दात पडले की ज्या हाडात ते रुतलेले असतात ते हाड झिजत जातं, जबड्याची उंची कमी होते, हनुवटी नाकाच्या जवळ येते आणि ओठांना आतून आधार राहत नाही म्हणून ते आत वळतात. हे तुझ्या पुस्तकात वाचलं आणि मग आजीला विचारून तिच्या जबड्यावरून बोट फिरवून बघितलं, कानाखालच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत, तीही मान वर करून बसून राहिली बिचारी. मग चारकोलने आधी जबडा काढला आणि त्यावर कातडी. बाय, आजी आली गं कागदावर! डोळे अजून काढलेच नव्हते तरी तुझे पप्पा जाता जाता थांबले आणि म्हणाले, आई.

तिला खुर्चीवर नाही बसवलं मी, नारळ खवायच्या आदोळीवर बसवलंय, खवताना. सगळा जन्म ती तिथेच दिसलीय आपल्याला, साडी नेसून हात मांडीवर ठेवून बसलेली आजी कुणाची? पण त्यामुळे हात काढणं अवघड झालंय. तळवा वर असला की कोपराखालची दोन हाडं शेजारी शेजारी असतात आणि तळवा खाली वळवला की अंगठ्याकडचं रेडियस करंगळीकडच्या अल्नावरून तिरकं जातं, अल्ना जवळजवळ जागेवरच, त्यामुळे सगळ्या हाताचा आकार बदलतो. नारळाची कवड फिरवताना तिचे दोन्ही हात सतत अर्धे वळलेले असतात, ना वर ना खाली. तुम्हाला हे प्रॅक्टिकलला हात लावून शिकवतात, मी स्वतःचं मनगट धरून फिरवत बसते.

पप्पांचं सोपं गेलं. बातम्या बघताना ते मान उजवीकडे वळवतात आणि डाव्या कानामागून छातीच्या मधल्या हाडापर्यंत एक जाड दोर उठतो, तुझ्या भाषेत स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड, हे नाव मी पाठ केलंय. दादाच्या बाळाचंही केलंय. मोठा माणूस साधारण साडेसात डोकी उंच, वर्षाचं मूल जेमतेम चार, आणि मोठ्यांचे डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात तर बाळाचे त्याच्याही खाली, वर नुसतं कपाळच कपाळ.

मला कुणी शिकवलं नाही हे तुला माहितीये, लग्नाआधी आल्तिन्होच्या आर्ट कॉलेजचा विषय घरात काढायचीसुद्धा सोय नव्हती. पण हल्ली पणजीला गेले की फोंतेन्यासला फंडासाओ ओरिएंट या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत जाते, तिथे आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. हा माणूस आपल्या सांग्याचा, १८७० चा जन्म, मुंबईला जे जे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला आणि तिथेच शिकवायला लागला. बायको फ्लोरेन्तिना, मुली, घरचीच माणसं किती रंगवलीत त्यांनी! मी जवळ जाऊन बघते की गळ्याखालचं कॉलरबोन कुठे दाखवलंय आणि कुठे सावलीत सोडून दिलंय. सगळं माहीत असून थोडंच दाखवायचं, हे मला अजून जमवायचंय. तिथून आले की घरच्यांकडे बघायची नजरच बदललेली असते. तुझ्या आणि आत्याच्या गालाचं हाड सारखंच बाहेर आलंय, हसताना तिथूनच स्नायू ओठाचा कोपरा वर ओढतो, म्हणून तुम्ही दोघी हसलात की लोक सारख्या म्हणतात. नाक डोळे तर अजिबात सारखे नाहीत तुमचे.

आता तुझं. तू सेल्फी पाठवलेस, छान आहेत, पण त्यावरून मी नाही काढणार. मोबाइल इतका जवळ धरला की नाक मोठं येतं आणि कान मागे जातात, तो चेहरा तुझा नाही. लोक म्हणतात फोटोवरून काय वाईट, ऑर्डरी घेणारे सगळे तसंच करतात, करू देत. मला तू समोर हवीस, श्वास घेताना गळ्याचा खड्डा खाली जाताना दिसायला हवा, बोलताना जबडा हलायला हवा.

म्हणून चवथीला येशील तेव्हा दीड दिवसात पळू नकोस. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाली की पप्पा आणि दादा बाकीचं बघतील, आपण दोघी पडवीत बसू, सकाळचा उजेड तिथे चांगला असतो. आणि कॉलेजात कुणी सीनियर कवटीचं प्लास्टिकचं मॉडेल विकत असेल तर विचार, पैसे जीपे करते. खालचा जबडा वेगळा निघणारंच घे.

तुझी,
आई