सूचना : केनियाहून परतलेल्या सभासदांचे निवेदन

सर्व सभासद बंधुभगिनींना सप्रेम जय ख्रिस्त.

केनियातील किसुमू परिसरात सेवाकार्यासाठी गेलेले आपल्या मंडळीचे सभासद सुखरूप परतले असून, येत्या रविवारी उपासनेनंतर ते आपले अनुभव मंडळीपुढे मांडतील. पौल व बर्णबा यांनीही अंत्युखियास परतल्यावर मंडळी जमवून आपल्या कार्याचा वृत्तान्त दिला होता (प्रेषितांची कृत्ये १४:२७), म्हणून सर्वांनी आवर्जून थांबावे. सिंह दिसला का, हे बहुतेकांनी विचारून झाले आहे. तो प्रश्न आता पुरे. आपल्या जालन्याचे रेव्हरंड नारायण शेषाद्री १८७३ मध्येच न्यूयॉर्कच्या परिषदेत बोलून आले होते, तेव्हा परदेशवारीचे अप्रूपही बेताचेच असावे.

व्हिक्टोरिया सरोवर जवळ असूनही तेथील बायका पाण्याचे पिवळे कॅन डोक्यावर घेऊन चालतात आणि घरात थोडेच असताना पाहुण्याच्या ताटात आधी उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) व मासा वाढतात, हे टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या गावाला वेगळे समजवावे लागणार नाही. आपण काय देऊन आलो यापेक्षा तेथील मंडळीकडून काय शिकलो, यावर निवेदनात भर असावा, असे समितीचे मत आहे.

परतलेल्यांपैकी कोणास ताप आल्यास तो अंगावर काढू नये. मलेरियाची लक्षणे काही आठवड्यांनीही दिसू शकतात, म्हणून डॉक्टरांना प्रवासाची माहिती देऊन रक्त तपासून घ्यावे. तेथील मुलांची छायाचित्रे पालकांच्या परवानगीशिवाय ग्रुपवर टाकू नयेत.

सचिव, मंडळी समिती, जालना