लाकडी जमीन आणि पाण्याची बादली

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या भेटीत बैठकीच्या खोलीत अनवाणी चालताना लाकडी जमिनीच्या पट्ट्यांच्या कडा पायाला जाणवल्या. फोनवर हा विषय दर वेळी मागे पडतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे. बाबा, तुम्हाला ती सुताराच्या कामातली कसर वाटते. मला मात्र त्यामागे आपली रोजची बादली दिसते. लाकूड वाळवून, पॉलिश करून बसवले तरी ओलावा शोषण्याचा त्याचा स्वभाव जात नाही, आणि ते फुगते ते लांबीत फारसे नाही, रुंदीत. पुसताना सांध्यांतून झिरपलेले पाणी पट्टीच्या पोटाशी राहते, वरची बाजू मात्र लवकर वाळते; मग खालून फुगलेल्या पट्टीच्या कडा वर उचलल्या जातात आणि मधोमध खळगा पडतो. पाणी थांबले आणि खोलीतली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिली, तर अशा पट्ट्या पुष्कळदा काही महिन्यांत बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. म्हणूनच मशीनने घासून सपाट करून घेण्याची घाई कृपया करू नका. ओल्या पट्टीच्या कडा आज तासल्या, तर ती वाळल्यावर त्याच कडा खाली बसतील आणि मध्ये कायमचा उंचवटा राहील.

आई, पाण्याशिवाय स्वच्छता झाली असे तुला वाटत नाही, हे मी जाणून आहे. पण या जमिनीचे खरे काम कोरडेच असते. बुटांबरोबर येणारी वाळू पॉलिशपेक्षा कठीण असल्यामुळे पायाखाली ती पॉलिश पेपरसारखी घासत राहते. तेव्हा मऊ केसांचा झाडू रोज फिरवावा, ओले फडके आठवड्यातून एकदाच, तेही इतके पिळलेले की मागचा ओलसरपणा मिनिटभरात उडून जावा. व्हिनेगरने कालांतराने चमक मरते. वाफेचा मॉप तर वाफ थेट सांध्यांत घुसवतो. तो मीच हौसेने आणून दिला होता, तेव्हा तो अपराध माझा.

चमक गेली म्हणून मेण मात्र चढवू नका. आपल्या जमिनीवर पॉलियुरेथेनचा, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पॉलिशचा, थर आहे. त्यावर मेण बसले की पाय घसरतो, आणि पुढे पॉलिशचा नवा थर नीट धरत नाही. तुमच्या वयात मला यातल्या पहिल्याच गोष्टीची अधिक धास्ती वाटते. त्याऐवजी दाराजवळच्या वर्दळीच्या जागी पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. तो मण्यासारखा उभा राहिला तर थर शाबूत आहे; काही मिनिटांत खालचे लाकूड काळपट पडले तर थर झिजला आहे, असे समजून मला कळवा. लाकूड पूर्ण उघडे पडण्याआधी जुना थर हलका घासून नवा दिला, तर लाकूड तासावे लागत नाही.

खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे मी आल्यावर चिकटवीन. बाबा, तेवढ्यासाठी तुम्ही वाकत बसू नका.

तुमची,
धाकटी